तारांतेल्ला : एक ठेका, अनेक गावं

1641 साली रोममध्ये चुंबकशक्तीवरचा एक जाडजूड लॅटिन ग्रंथ छापला गेला. लेखक होते आथानासियुस किर्शर, जेझुइट धर्मगुरू आणि गणिताचे अध्यापक. लोहचुंबकाच्या गुणधर्मांची चर्चा करता करता त्यांनी एका नाचाच्या चालीची स्वरलिपी दिली आणि तिला मथळा दिला : 'तारांतुलाच्या विषावरचा उतारा'. नाचाची चाल औषध म्हणून छापण्यात किर्शर यांना काहीही वावगं वाटलं नाही. चुंबक न शिवता लोखंड ओढतो, तसा सूर हवेतून शरीरापर्यंत पोहोचतो आणि आतल्या विषावर काम करतो, अशी त्यांची मांडणी होती.

त्या चालीच्या कुळाला आज जगभर तारांतेल्ला म्हणतात. दक्षिण इटलीचा हा नाच पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. 1972 च्या 'द गॉडफादर' चित्रपटात सुरुवातीच्या लग्नाच्या प्रसंगात तो वाजतो, आणि इटालियन हॉटेलांच्या जाहिरातीतही त्याचीच एखादी आवृत्ती असते. रंगीत घागरे, हातात खंजिरी, हसरे चेहरे, जलद लय, एवढीच त्याची ओळख उरली आहे. प्रत्यक्षात तारांतेल्ला म्हणजे एक ठरलेली धून नव्हे. बुटाच्या आकाराच्या इटलीच्या टाचेपासून वर नेपल्सपर्यंत आणि पलीकडे सिसिलीपर्यंत गावागावांत वाढलेलं ते चालींचं मोठं गोत आहे. या गोतातली प्रत्येक चाल एका विशिष्ट कामासाठी घडली. कुठे ती उपचार होती, कुठे मान देण्याची रीत, कुठे झुंज, कुठे नवस. ते काम कोणतं होतं हे कळलं, की एकाच ठेक्याची इतकी रूपं का झाली हेही कळतं.

चावा आणि उतारा

गोष्ट सुरू होते इटलीच्या टाचेवर, पुल्या प्रांताच्या दक्षिण टोकाला, सालेंतो नावाच्या भूभागात. गहू, ऑलिव्ह, द्राक्षं आणि विसाव्या शतकात तंबाखू, ही इथली शेती. गव्हाची कापणी जून-जुलैत, रणरणत्या उन्हात. शेतात वाकून काम करताना कोळी चावतो, चावलेलं माणूस खिन्न होऊन पडतं, त्याला घेरी येते, पोटात कळा येतात, आणि योग्य चाल वाजली तरच ते उठतं, अशी इथली शतकानुशतकांची समजूत होती. तारांतो या शहरावरून कोळ्याला तारांतुला म्हणत, आणि नाचाचं नावही त्याच शब्दकुळातलं. सालेंतोतल्या चालीला मात्र स्थानिक नाव आहे पित्सिका.

या समजुतीत शरीरशास्त्राचा थोडा भाग आहे. ज्याला तारांतुला म्हणत तो मोठा लांडगा-कोळी दिसायला भीतिदायक, पण माणसाला फारशी इजा न करणारा. त्याच शेतांत राहणारा, अंगावर लाल ठिपके असलेला छोटा काळा कोळी मात्र खरोखर विषारी असतो. तो चावला तर स्नायूंत पेटके येतात, दरदरून घाम सुटतो, जीव घाबरा होतो. पण या विषाने सगळ्या प्रकाराचा उलगडा होत नाही. विष काही दिवसांत उतरतं, आणि सालेंतोतला 'चावा' दर वर्षी जूनमध्ये पुन्हा जागा व्हायचा, कधी कधी पुढची कित्येक वर्षं.

उपचार घरातच होई. जमिनीवर पांढरी चादर अंथरत, भोवती रंगीबेरंगी फिती आणि कापडं टांगत. व्हायोलिन, तांबुरेल्लो म्हणजे घुंगुरचकत्या लावलेली मोठी खंजिरी, छोटा अकॉर्डियन आणि गिटार घेऊन वादक येत. मग चालींची परीक्षा सुरू होई. वादक एक चाल वाजवून बघत. आजारी बाई हलली नाही तर दुसरी, मग तिसरी. लय बदलून बघत, स्वरसप्तक बदलून बघत. एखाद्या चालीला तिचं बोट हललं, पाय थरथरला, की वादक तीच चाल धरून ठेवत. कोळ्यांचेही स्वभाव मानलेले होते. कुणाला करुण चाल लागे, कुणाला धसमुसळी, कुणाला लाल रंग, कुणाला हिरवा. मग बाई उठे, चादरीवर सरपटे, गोल फिरे, उड्या मारी, थकून पडे आणि पुन्हा उठे. हे कित्येक तास आणि कधी दिवसचे दिवस चाले. वादकांना पैसे द्यावे लागत, त्यासाठी गरीब घरं कर्जही काढत.

नार्दो गावचे लुईजी स्तिफानी (1914–2000) हे या वादकांतलं सर्वांत प्रसिद्ध नाव. व्यवसायाने न्हावी आणि हातात व्हायोलिन. ते ज्यांच्या घरी वाजवायला गेले त्यांच्या नोंदी त्यांनी वह्यांत करून ठेवल्या. कोणत्या रुग्णाला कोणत्या पट्टीतली पित्सिका लागू पडते, याचं त्यांचं स्वतःचं वर्गीकरण होतं. एकाच गावात, एकाच वादकाच्या हातात चालीची अनेक रूपं का होती, याचं उत्तर इथे मिळतं. त्यांच्या दृष्टीने ती वेगवेगळ्या दुखण्यांवरची वेगवेगळी औषधं होती.

1959 चा उन्हाळा

जून 1959 मध्ये एर्नेस्तो दे मार्तिनो हे धर्म आणि संस्कृतीचे अभ्यासक सालेंतोत आले. सोबत मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, छायाचित्रकार आणि संगीत-अभ्यासक दिएगो कार्पितेल्ला. कार्पितेल्ला यांनी 1954 मध्येच अमेरिकन संग्राहक अॅलन लोमॅक्स यांच्याबरोबर दक्षिण इटलीत फिरून लोकसंगीताचं मोठं ध्वनिमुद्रण केलं होतं, त्यामुळे हा प्रदेश त्यांच्या कानात होता. या पाहणीतून दे मार्तिनो यांचं 'ला तेर्रा देल रिमोर्सो' हे पुस्तक 1961 मध्ये आलं, आणि तारांतेल्लाकडे बघण्याची दृष्टी कायमची बदलली.

त्यांनी साधे प्रश्न विचारले. कोळी शेतात काम करणाऱ्या सगळ्यांनाच चावू शकतो, मग नाचणाऱ्यांत बहुतेक स्त्रियाच का? पहिला चावा बहुधा वयात येण्याच्या सुमारास किंवा लग्नाच्या आसपास का होतो? गालातिना हे गाव संत पॉल यांच्या कृपेखाली आहे म्हणून तिथे कुणाला बाधा होत नाही असं लोक मानतात, मग कोळ्याला गावची शीव कशी कळते? त्यांचा निष्कर्ष असा, की चावा बहुतेक वेळा प्रतीकात्मक होता. जबरदस्तीचं लग्न, मोडलेलं प्रेम, घरातला मृत्यू, अंगमेहनतीचं दारिद्र्य, ज्याविषयी बाईला वर्षभर ब्रसुद्धा काढता येत नसे, त्याला या विधीने एक नाव दिलं, ठरलेला महिना दिला, सगळ्या गावासमोर हंबरडा फोडण्याची आणि हातपाय आपटण्याची मुभा दिली. संगीताने त्या आकांताला आकार दिला, त्याला सुरुवात आणि शेवट दिला. विषावरचा उतारा ही कल्पना वैद्यकाच्या कसोटीवर टिकली नाही, पण दुःखावरचा उतारा म्हणून ती खरी होती.

चर्चने या प्रथेला संत पॉल यांच्या भक्तीत सामावून घेतलं. बायबलच्या कथेत माल्टा बेटावर पॉल यांना साप चावतो आणि त्यांना काहीही होत नाही, म्हणून ते विषबाधेचे रक्षक. 29 जूनला, त्यांच्या सणाच्या दिवशी, बाधा झालेले लोक गालातिनाच्या छोट्या चॅपेलमध्ये आभार मानायला किंवा सुटका मागायला येत. तिथे वादक नसत. दे मार्तिनो यांच्या लक्षात आलं, की चालीचा आधार गेल्यावर चॅपेलमधलं ते तळमळणं विस्कळीत आणि भेसूर होतं. चाल काय करत होती, हे तिच्या अभावातून स्पष्ट दिसलं. पुढच्या काही दशकांत शेतीचं जग बदललं, लोक उत्तरेला आणि परदेशात कामाला गेले, आणि हा विधी संपला.

ठेका कसा चालतो

संगीताच्या अंगाने तारांतेल्लाचा पाया आहे तीन-तीनची घडण. पाश्चात्त्य पद्धतीत ती सहा-आठ किंवा बारा-आठ अशी लिहितात. दादऱ्याच्या सहा मात्रा ऐकणाऱ्या कानाला ती ओळखीची वाटेल, फक्त लय कितीतरी जलद. तांबुरेल्लो डाव्या हातात उभा धरतात आणि उजव्या हाताचा अंगठा, तळवा आणि बोटं आळीपाळीने आपटत तीनचा अखंड प्रवाह काढतात. कडेच्या पत्र्याच्या चकत्या त्या तिन्ही ठोक्यांवर किणकिणतात. कोणत्या ठोक्यावर वजन द्यायचं हे गावागणिक बदलतं, आणि जाणकार माणूस केवळ त्या वजनावरून वादकाचा मुलूख ओळखतो.

वरची चाल म्हणजे छोट्या छोट्या वाक्यांचा साठा. एकेक वाक्य दोन-चार ठोक्यांचं. वादक ते पुन्हा पुन्हा घोळवतो, थोडं वळवतो, दुसऱ्याला जोडतो, पुन्हा पहिल्यावर येतो. दळताना ओव्या गाणारी बाई जशी ठरलेल्या चालीत नवी ओवी बसवत जाते आणि जात्याच्या फेऱ्याबरोबर गाणं कितीही लांबू शकतं, तसंच हे संगीत नाचणाऱ्याच्या पायाबरोबर लांबत जातं. त्याला ठराविक शेवट नाही. नाचणारा थांबला की चाल थांबते. म्हणून 'मूळ तारांतेल्ला कोणती?' या प्रश्नाला उत्तर सापडत नाही. घडण आणि वाक्यांचा साठा एवढाच वारसा असतो, आणि त्यातून काय बांधायचं हे गाव, वाद्य आणि प्रसंग ठरवतात.

गावोगावची रूपं

सालेंतोतच पित्सिकेचे तीन अवतार आहेत. उपचाराची पित्सिका आपण पाहिली. दुसरी सणासमारंभातली, लग्नात आणि कापणीनंतर जोडीने नाचायची. यात नाचणारे सहसा एकमेकांना शिवत नाहीत. हातरुमाल, नजर आणि अंतर यांवरच सगळा खेळ चालतो. तिसरी झुंजीची. 15 ऑगस्टच्या रात्री तोर्रेपादुली गावात संत रोक्को यांच्या सणाला तांबुरेल्लो वाजवणाऱ्यांची गोल रिंगणं धरली जातात आणि आत दोन-दोन जण सुऱ्या असल्यासारखी बोटं ताठ करून, वार आणि बचावाच्या पवित्र्यात नाचतात. हे पहाटेपर्यंत चालतं. ठेका तोच, पण तिन्ही ठिकाणी शरीराने केलेलं काम अगदी निराळं.

इटलीच्या टाचेच्या वर, नकाशात घोडेस्वाराच्या टाचेवरच्या आरीसारखा समुद्रात घुसलेला डोंगराळ भाग म्हणजे गार्गानो. तिथल्या कार्पिनो गावात तारांतेल्ला 'कितार्रा बात्तेंते'वर वाजते. ही धातूच्या तारांची गिटार आहे. तिच्या तारा एकेक छेडत नाहीत, सगळा हात झटकून सगळ्या एकदम झंकारतात. त्यामुळे इथली चाल व्हायोलिनसारखी धावत नाही, झंकारांच्या लाटांवर तरंगते आणि गळ्याला ऐसपैस जागा देते. कार्पिनोचे गायक आपल्या तारांतेल्लाचे प्रकार शेजारच्या गावांच्या नावांनी ओळखतात : रोदी गावची ती रोदियानेल्ला, व्हिएस्ते गावची ती व्हिएस्तेसाना, आणि मोंते सांतांजेलोच्या बाजूची ती मोंतानारा. प्रियेच्या खिडकीखाली गाण्यासाठीही याच चाली वापरल्या जात. आंद्रेआ साक्को (1911–2006) यांच्यासारख्या शेतकरी-पशुपालक गायकांनी त्या विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जपल्या, आणि 1996 पासून कार्पिनोत लोकसंगीताचा महोत्सव भरू लागला.

कालाब्रियात, म्हणजे इटलीच्या पायाच्या बोटांकडे, वाद्य बदलतं. इथे कातडी पिशवीची 'त्साम्पोन्या' वाजते. दोन्ही हातांना एकेक सुरनळी आणि जोडीला अखंड धरलेले सूर. नळीवर मोजके स्वर निघतात, म्हणून चालीची वाक्यं आखूड आणि घट्ट विणलेली. उत्तरेकडच्या पोल्लिनो डोंगरात आणि तिथे शतकांपूर्वी वसलेल्या अल्बेनियन भाषकांच्या गावांत याच वाद्याचा आखूड, तीक्ष्ण आवाजाचा प्रकार आहे, त्याला सुर्दुलिना म्हणतात. नाचाचा कायदा मात्र सगळ्यांत लक्षवेधी. सगळे गोल करून उभे राहतात आणि मधोमध एका वेळी एकच जोडी नाचते. कुणी आत यायचं, कुणी बाहेर व्हायचं हे 'मास्त्रू ई बाल्लू', म्हणजे नाचाचा मुख्य माणूस, ठरवतो. त्याचा शब्द मोडता येत नाही. पाहुण्याला मान देणं, दोन घरांचा समेट जाहीर करणं, गावातलं स्थान दाखवणं, हे सगळं या रिंगणात घडतं. चाल न थांबता चालू राहते, कारण माणसं बदलत राहतात.

नेपल्सभोवतीच्या कांपानियात व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी तामुर्रियाता नाचतात. बाहेरचे लोक तिलाही तारांतेल्ला म्हणून मोकळे होतात, पण तिची घडण दोन-दोनची आहे, तीन-तीनची नाही. तामोर्रा ही खंजिरी सालेंतोतल्या खंजिरीपेक्षा मोठी आणि घुमणारी. तिच्याबरोबर लाकडी चिपळ्या आणि ताणून गायलेला आवाज. मेरी मातेच्या देवळांच्या जत्रा हे तिचं घर. ईस्टरनंतरच्या सोमवारी सांतानास्तासियाच्या मादोन्ना देल्लार्को देवळाकडे भक्तांची रीघ लागते. त्याच प्रांतातल्या मोंतेमारानो या डोंगरी गावात तारांतेल्ला कार्निव्हलची आहे. क्लॅरिनेट आणि अकॉर्डियनच्या मागे सगळं गाव वेशांतर करून रस्त्यातून नाचत निघतं आणि पुढे असतो 'कापोराबाल्लो', मिरवणुकीचा म्होरक्या.

नेपल्सची चित्रं आणि मैफलीचा दिवाणखाना

मग जगाला माहीत झालेली हसरी तारांतेल्ला आली कुठून? अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उत्तर युरोपातले श्रीमंत प्रवासी इटली बघायला येत, आणि नेपल्स हा त्यांच्या सफरीचा ठरलेला मुक्काम. त्यांना घरी न्यायला चित्रं हवी असत. समुद्र, व्हेसुव्हियस, आणि समोर खंजिरी घेऊन नाचणारी जोडी. मागणीप्रमाणे पोशाख आणि पदन्यास ठरत गेले. त्या चित्रात कर्ज काढून वादक बोलावणारं घर असणं शक्य नव्हतं.

संगीतकारांनी ही नेपल्सची आवृत्ती उचलली. रोस्सिनी यांचं 'ला दान्झा' हे गाणं 1835 मध्ये प्रसिद्ध झालं आणि तारांतेल्लाचा नमुना म्हणून सगळीकडे पोहोचलं. 1841 मध्ये शोपाँ यांनी पियानोसाठी तारांतेल्ला रचली, तेव्हा त्यांनी मित्राला पत्र लिहून रोस्सिनी यांचं गाणं सहा-आठमध्ये लिहिलंय की बारा-आठमध्ये ते बघून कळवायला सांगितलं. चायकोव्हस्की यांनी 1880 च्या 'कॅप्रिचियो इटालियेन'ची अखेर याच नाचाने केली. या रचना अतिशय सुंदर आहेत आणि त्यांच्यात वेगाची धुंदी खरी आहे. पण त्यांना शेवट असतो, टाळ्यांसाठी बांधलेला. गावच्या चालीचा शेवट नाचणाऱ्याच्या देहात होता.

परत आलेली चाल

1970 च्या दशकात दक्षिण इटलीतल्या तरुणांनी आपल्या आजी-आजोबांच्या चाली पुन्हा शोधायला सुरुवात केली. सालेंतोत लेखिका रीना दुरांते यांच्या पुढाकाराने 1975 मध्ये 'कान्झोनिएरे ग्रेकानिको सालेंतिनो' हा वाद्यवृंद उभा राहिला. नावातला 'ग्रेकानिको' हा उल्लेख त्या भागातल्या ग्रिको या ग्रीक बोलीचा आहे. 1998 पासून ग्रिको गावांच्या परिसरात 'ला नोत्ते देल्ला तारांता' हा महोत्सव भरतो. मेल्पिन्यानोतल्या जुन्या मठासमोर ऑगस्टमध्ये होणाऱ्या त्याच्या शेवटच्या रात्रीला लाखाच्या घरात लोक येतात. दर वर्षी एखाद्या संगीतकाराकडे सूत्रं दिली जातात. जो झाविनुल, 'द पोलिस'चे ड्रमवादक स्टुअर्ट कोपलँड, लुदोविको आइनाउदी, गोरान ब्रेगोविच अशी नावं त्यात येऊन गेली.

यावर सालेंतोतच वाद आहे. काही जण म्हणतात, प्रचंड मंचावर, विजेच्या वाद्यांत पित्सिका हरवते आणि सगळी दक्षिण एकाच आवाजाची होते. काही म्हणतात, ज्या चालीची घरच्यांना लाज वाटत होती, ती मुलं आता अभिमानाने शिकतात, हे थोडं आहे का? मला दुसरी बाजू अधिक पटते, पण एका अटीवर. उपचाराचा विधी परत यावा असं कुणी म्हणू नये. ज्या अगतिकतेतून तो जन्मला ती संपली हे चांगलंच झालं. नाच मात्र आनंदाचा व्हायला पूर्ण मोकळा आहे, त्याने ते स्वातंत्र्य कमावलं आहे. जपायला हवीत ती गावांची नावं आणि त्या चालींनी केलेली कामं. 'इटालियन नाच' एवढ्या एका शब्दात सगळं कोंबलं, की कार्पिनोचा झंकार, कालाब्रियाचं रिंगण, तोर्रेपादुलीची ताठ बोटं आणि सालेंतोतल्या शेतमजूर बायांचा आकांत, सगळं एकाच वेळी पुसलं जातं.

म्हणून तारांतेल्ला ऐकताना तीन गोष्टी शोधाव्यात. खंजिरीवर वजन कुठे पडतंय, वाक्यं आखूड आहेत की लांब, आणि चाल संपतेय की नाचणाऱ्याची वाट बघत चालूच राहतेय. या तीन खुणांवरून वाद्य कळतं, वाद्यावरून मुलूख कळतो, आणि मुलखावरून ती चाल कुणासाठी वाजत होती ते कळतं. ज्यांच्यासाठी ती वाजली त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठेही लिहून ठेवलेली नाहीत. त्यांच्या गावांची नावं तरी नीट घेणं आपल्या हातात आहे.